लोटलेलं दार

मी न्हाणीघराचं दार नुसतं लोटून घेते, कडी लावत नाही. लहानपणापासून मला फिट यायची, म्हणून घरात तशी शिस्तच होती. आई दाराबाहेर पाटावर भाजी निवडत बसायची आणि म्हणायची, "गात राहा गं, म्हणजे मला कळतं." माझं गाणं थांबलं की तिचा हात दारावर पडायचाच.

पुढे गोळ्या लागू पडल्या. सहा वर्षांत एकही फिट नाही. त्यांच्याच जोरावर नोकरी धरली आणि आई गेल्यावर एकटी राहू शकले. पण या गोळ्यांमुळे सकाळी डोकं जड असतं, कप धरताना हात थरथरतो आणि बोलताबोलता साधासा शब्द सापडत नाही. कधीकधी चिडचिड होते. तरी गोळी मी एकदाही चुकवलेली नाही.

आज अंगावर पाणी घेताना आईचं आवडतं गाणं म्हणत होते. दुसऱ्या कडव्यातला एक शब्द काही केल्या आठवेना, म्हणून गप्प झाले. तांब्या हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिले.

दार नुसतं लोटलेलंच होतं. "का गं थांबलीस?" असं कुणी विचारलं नाही.