धर्मापुरीचा बंकट आणि बिनआसाची ट्राम

धर्मापुरीचा बंकट उभी मेंढी विकत घेत नाही. बाजारातले हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, जनावराला आदल्या दिवशी मीठ चारतात, वर भरपूर पाणी पाजतात आणि फुगलेलं पोट दाखवून भाव वाढवतात. म्हणून बंकट आधी जनावर चालवून बघतो. त्याचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. आता गुडघे धरतात, म्हणून कळपामागे भाऊ जातो. गावात कुणाला बकरू घ्यायचं असलं की लोक बंकटला सोबत नेतात, आणि तो दुसरीकडे वळला की म्हणतात, हा आईच्या हातचं पाणीही वास घेऊन पितो.

त्याच्या मुलीला, धनश्रीला, पालीच्या सोमनाथचं स्थळ आलं. मुलगा पुण्याजवळच्या एका कारखान्यात वेल्डर आहे आणि कारखाना ट्राम बनवतो, असं मध्यस्थ उत्तरेश्वरने सांगितलं.

“कुठं चालती ती?” बंकटने विचारलं.

“अजून कुठंच न्हाई. बनतीय.”

“कोणत्या शहरासाठी?”

“ते पक्कं व्हायचंय म्हणं.”

“मग ही नोकरी हाय का नवस हाय?”

धनश्री परळीत औषधाच्या दुकानात काम करते. सोमनाथशी तिचं फोनवर बोलणं झालं होतं आणि मुलगा तिला पसंत होता. बापाने मान हलवली नाही तर स्थळ मोडणार, हेही तिला माहीत होतं.

या भागात पसंती झाली की मुलीकडचे दोघे जण न कळवता मुलाच्या गावी, कामावर जाऊन चौकशी करतात. बंकट आणि उत्तरेश्वर निघाले. कारखान्यात जायच्या आधी ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाला म्हणाला, आत सध्या सुतारच जास्त जातात. बंकटने उत्तरेश्वरकडे पाहिलं. “लोखंडाच्या गाडीला एवढे सुतार कशाला?”

पाहुणे आल्याचं टपरीवाल्यानेच सोमनाथला कळवलं. तो बाहेर आला, पाया पडला आणि दोघांना आत घेऊन गेला. चढाउतरायला सोपी गाडी करायची, म्हणून कंपनी म्हाताऱ्या आणि गुडघेदुखीच्या माणसांना बोलावून नमुन्यात चढायला लावत होती. बंकट त्या रांगेत आयताच सापडला.

शेडमध्ये निळी, चकचकीत ट्राम उभी होती. बंकटने काठीने तिच्या अंगावर टकटक केलं, मग वाकून खाली पाहिलं. खाली चाकं नव्हती, ठोकळे होते.

“लाकडाची हाय बे ही,” तो उत्तरेश्वरला म्हणाला.

“मामा, हा नमुना हाय,” सोमनाथ म्हणाला. “दारं, बाकं, तळ कुठं घ्यायचा ते आधी प्लायवूडवर ठरवतात. पोलाद मागून कापतात.” जुन्या ट्रामला दोन चाकांना जोडणारा आडवा आस असायचा, त्याच्यावर तळ, म्हणून पायऱ्या चढाव्या लागायच्या. इथं आस काढून चाकं सुटी केली आहेत आणि यंत्रं छपरावर नेली आहेत, म्हणून तळ खाली आला.

“आसावाचून गाडी,” बंकट म्हणाला.

तो चढला. गुडघा वाकवावा लागला नाही. नोंद घेणाऱ्या मुलीने कसं वाटलं विचारलं.

“लई बरं वाटलं. बाजारात पहिल्यांदा बरंच वाटतं.”

बाहेर पडताना तो सोमनाथला म्हणाला, “चालताना दाखव. तोवर होयबी न्हाई, न्हाईबी न्हाई.”

घरी रतनबाईने नवऱ्याला विचारलं, “पोरगी पोराला द्यायची का ट्रामला?”

“दोन्ही एकाच दावणीचे हायेत,” बंकट म्हणाला.

फेब्रुवारीत कारखान्याच्या आवारातल्या छोट्या रुळावर चाचणी ठरली आणि सोमनाथने बंकट-उत्तरेश्वरला बोलावून घेतलं. आता चाकं खरी होती, पोलादी सांगाड्यावर वाळूची पोती रचलेली. सरळ रुळावर सांगाडा आवाज न करता गेला. वळणावर चाकं किंचाळली. शेजारी उभा असलेला कंपनीचा अधिकारी म्हणाला, सुरुवातीला असं होतंच. बंकटने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि सोमनाथला विचारलं, “कावून वरडतंय?”

“चाक रुळाला घासतंय, मामा. आसावर दोन्ही चाकं जोडीनं फिरतात, वळणावर आपोआप सावरतात. आमी आस काढला, तसं ते सावरणंबी गेलं. दुसरी सोय बसवून बघतोय. अजून जमली न्हाई.”

अधिकाऱ्याने सोमनाथकडे रोखून पाहिलं. दुसरा कुणी असता तर या खरेपणावर खूश झाला असता. पण विकणारा आपणहून लहान खोड सांगतो तेव्हा मोठी झाकत असतो, हे बंकटने अनेक बाजारांत पाहिलं होतं.

“ही ल्हान झाली. मोठी खोड कोणती?”

“भाऊ, आता पुरं करा,” उत्तरेश्वर म्हणाला.

सोमनाथ दोघांना बाजूला घेऊन गेला. “ज्या शहरानं गाड्या घ्यायच्या, त्यानं अजून सही केली न्हाई. न्हाई केली तर उन्हाळ्यानंतर वेल्डर कमी करणार. त्यात मीबी असंन.”

“धनश्रीला ठावं हाय?”

“न्हाई.”

“घरी?”

“घरीबी न्हाई. स्थळ मोडंल म्हणून बोललो न्हाई.”

बंकटने त्याला तिथूनच धनश्रीला फोन लावायला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आबांनी विचारायच्या आधी सांगायचं होतं. काम गेलं तर मी दुकान सांभाळीन, तुमी परळीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडा. त्याचं भ्या न्हाई. पण हे आमच्या वट्यावर, तुमच्या माणसांसमोर बोला. मग मी काय ते सांगते.”

पुढच्या रविवारी पालीची माणसं आली. चहा व्हायच्या आत सोमनाथ बोलला. शहराची सही झालेली नाही हे त्याच्या आईला तिथंच कळलं. तिने पदर तोंडाशी नेला आणि मुलाकडे बघायचं टाळलं. त्याचा चुलता उठायला लागला. उत्तरेश्वरने त्याचा हात धरून खाली बसवलं.

धनश्री चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप तिने सोमनाथच्या आईला दिला आणि उत्तरेश्वरला म्हणाली, “काका, आता तारीख काढा.”

उत्तरेश्वरने पंचांग मागवलं. बंकट सरकत सोमनाथच्या चुलत्याजवळ गेला आणि हळू आवाजात विचारू लागला, पालीचं घर नक्की कुणाच्या नावावर आहे.