शुक्रवारची यादी

बोईसर स्टेशनजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. हळदीच्या मांडवात नकला करून तो लोकांना पोट धरून हसवतो. दुकानात मात्र मी त्याला हसताना पाहिलेलं नाही. दर शुक्रवारी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तीन ओळी लिहून तो काचेला चिकटवतो: काय बघायचं, कशाला हसायचं, काय वाचायचं. एकदा बघायला एका पाड्यावरच्या घराची रंगवलेली भिंत होती आणि वाचायला एका एसटी ड्रायव्हरच्या कविता. मला त्या आवडल्या नाहीत, तसं मी सांगितलंही. त्याने वाद घातला नाही. "परत एकदा वाचा," एवढंच म्हणाला. परत वाचल्यावर आवडल्या, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात हसण्याच्या ओळीत होतं: 'दांडी गावची मासेवाली, बाजारात बसते. माझी नक्कल करते, माझ्यापेक्षा बरी.' लोक बघायला गेले आणि हळदीला त्याच्याऐवजी तिलाच बोलवायला लागले.

"हे काय करून बसलात?" मी विचारलं.

"चांगलं हाय ते सांगायचं नाय, तर यादी कशाला लिवायची?"

परवा शेजाऱ्यांच्या हळदीला तीच होती. जिभेला बोट लावून कागद मोजायची त्याची लकब तिने केली आणि सगळा मांडव हसला. तो पहिल्या रांगेत होता, पण खुर्ची उलटी फिरवून, तिच्याकडे पाठ करून बसलेला. लोकांना ती आवडतेय का, ते तो एकेका चेहऱ्यावर बघत होता.