विमानातली जागा

त्या वर्षी आमच्या देशात पाऊस पडला नाही, सरकार पडलं आणि माझी तेरेतियाताई गेली. रेडिओवर अजून पहिल्या दोन गोष्टींची आठवण काढतात. तिसरीची कोणी काढत नाही, म्हणून मी सांगतो. खरं तर सांगायचंय दाजींबद्दल, ताईच्या नवऱ्याबद्दल. बारानिको त्यांचं नाव. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांच्याइतका सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दाजी माडी काढायचे. सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचे आणि वर बसून गायचे. आमच्याकडे माडी काढणाऱ्यानं गायलंच पाहिजे, म्हणजे खालून जाणाऱ्या बायकांना कळतं की वर माणूस आहे. दाजींचा आवाज भसाडा. ताई खालून ओरडायची, "अहो, हळू! वरच्या वर आंबेल ती माडी!" उतरून घरी पोचेपर्यंत निम्मी माडी वाटलेली असायची, कारण वाटेत कोणीतरी नातलग भेटायचाच आणि मागायचाच.

नात्यातल्या माणसानं तोंड उघडून मागितलं की नाही म्हणायचं नसतं. याला आम्ही बुबुती म्हणतो. जाळं मागा, डुक्कर मागा, अंगावरचा सदरा मागा. नाही म्हणणाऱ्याची नातवंडंसुद्धा मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, मान वर करून बसू शकत नाहीत. आता आम्ही बाकीचे लोक हुशार. चांगलं जाळं सासुरवाडीला ठेवतो, पाहुणा लांबून दिसला की डुक्कर झुडपामागे हाकलतो. दाजींना हे कधी जमलं नाही. मी एकदा समजावायला गेलो तर म्हणाले, "लपवायचंच असेल तर ते माझं कशाला म्हणायचं?"

जानेवारीत सरकारनं दुष्काळ जाहीर केला. जाहीर करायला काय जातं? आमच्या विहिरी केव्हाच खारट झाल्या होत्या. आजोबा-पणजोबांनी खणलेल्या खड्ड्यांतले अळूचे कंद कुजत चालले होते, नीरफणस मुठीएवढे होऊन गळत होते. जुलैत स्वातंत्र्यदिन आला. राजधानीत, तारावात संचलन झालं, मंत्र्यांची भाषणं झाली, पाण्याच्या टाक्या घेऊन बोट निघालीच आहे असं रेडिओनं सांगितलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आम्ही तरीही नाचलो. नाचून झाल्यावर अंग धुवायला गोडं पाणी नव्हतं.

त्याच सुमारास ताईच्या पायाला शिंपल्यानं कापलं. तिला साखरेचा आजार होताच. ऑगस्टमध्ये बोटं काळी पडली. नर्सबाईनं पाय पाहिला आणि दाजींना बाहेर बोलावलं. "तारावाला न्या. बोटं काढावी लागतील, नाहीतर विष वर चढेल. माझ्याकडे इथं पट्टी आहे आणि प्रार्थना आहे."

विमान आठवड्यातून एकदा, मंगळवारी यायचं, आणि चिमुकलं. नर्सबाई रेडिओवर भांडली तेव्हा कुठं एक जागा मिळाली. ताईनं केवड्याच्या पानांची नवी चटई गुंडाळून ठेवली. "इस्पितळात फाटक्या चटईवर झोपले तर तुमची अब्रू जाईल," असं ती दाजींना म्हणाली. ती हसत होती. जगणार होती ती.

आमच्या बेटाचा खासदार इओतेबा तेव्हा गावातच होता. विरोधी पक्षाचा. देवळाच्या नव्या छपराच्या मेजवानीला आला आणि मेजवान्या संपेनात म्हणून राहिला. रविवारी रेडिओनं सांगितलं की सरकारवर अविश्वासाचा ठराव आलाय, मतदान गुरुवारी. दोन्ही बाजू अगदी तोडीस तोड. इओतेबाचा चेहरा उतरला. मंगळवारचं विमान आधीच भरलेलं होतं. त्यात शाळांचा निरीक्षक होता, पाद्री होता, पण ते काही त्याच्या नात्यातले नव्हते. दाजी मात्र त्याचे मावसभाऊ.

सोमवारी दुपारी तो तंबाखू घेऊन आला, चटईवर मांडी घालून बसला.

"बारानिको, भावा, मी मागायला आलोय."

"माग," दाजी म्हणाले.

"उद्याची विमानातली जागा."

माझं डोकं फिरलं. "इओतेबादादा, लाज वाटते का? वास येतोय ना घरात? तो सुक्या मासळीचा नाही, माझ्या बहिणीच्या पायाचा आहे."

"काबुआ, तू मध्ये पडू नकोस. एका मतावर अडलंय रे सगळं! आमचं सरकार आलं की पहिली बोट इथं. पाणी, डॉक्टर, सगळं. वहिनीला मी स्वतः घेऊन जातो."

"तुमची ती पहिली बोट मागच्या निवडणुकीपासून येतेय. वल्हवत आणताय का?"

दाजी माझ्याकडे बघत नव्हते, ताईकडे बघत होते. आमच्या सगळ्यांच्या आधी तीच बोलली.

"द्या हो. मागितलंय त्यांनी. माझ्यापायी तुम्हाला खाली मान घालायला नको. मी पुढच्या मंगळवारी जाईन की. आणि त्यांना आधी जेवायला वाढा."

"घे," दाजी म्हणाले.

मी उठून निघून गेलो. तिथं थांबलो असतो तर हात उचलला असता.

गुरुवारी अख्खा गाव रेडिओभोवती बसला. एका मतानं सरकार पडलं. पोरांनी लाकडी खोक्यावर ताल धरला, म्हातारे नाचले, "आमच्या माणसानं पाडलं! आमच्या माणसानं!" दाजी घरात ताईला वारा घालत होते.

पुढच्या मंगळवारी विमान आलं नाही. बिघडलं होतं, सुटा भाग परदेशातून यायचा होता. आणि बोट? पाण्याच्या टाक्या भरून ती तारावाच्या धक्क्याला खरंच उभी होती. पण सरकारच नाही म्हटल्यावर ती सोडायचा हुकूम द्यायला कोणी तयार होईना. निवडणूक होऊ दे, मग बघू. ज्या मतासाठी ताईची जागा गेली, त्याच मतानं तिची बोटही अडवली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

ताप चढत गेला. ती गोडं पाणी मागायची. शहाळं दिलं तर मान फिरवायची, "हे नाही, पावसाचं." कुठून आणणार? शेजारणींनी घराघरातून तळाशी राहिलेलं पाणी गोळा करून आणलं तोपर्यंत तिला गिळता येत नव्हतं. सप्टेंबर लागायच्या आत ती गेली. घराशेजारीच पुरलं, वर पांढरे खडे पसरले. त्यानंतर दाजी माडावर मुकाट चढायला लागले. बायकांनी माझ्याकडे तक्रार केली, मी ती त्यांच्यापर्यंत नेली नाही.

नोव्हेंबरात निवडणुकीच्या तोंडावर बोट आली. पहिली बोट! तिच्यातून इओतेबा उतरला, त्याचे झेंडे उतरले, तांदळाची पोती उतरली. मानेआबात सगळी घराणी आपापल्या जागी बसली. इओतेबा ताईचं नाव घेऊन रडला. खरंच रडला, तेवढं मी मान्य करतो. मग डोळे पुसून दाजींकडे वळला. गरज सरली की वैद्य मरतो, आणि याची गरज तर पुन्हा उगवली होती.

"बारानिको, भावा, मी पुन्हा मागायला आलोय. तुझ्या घराण्याची मतं."

मी दाजींच्या मागेच बसलो होतो. "नाही म्हणा," मी कुजबुजलो. "आज तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही."

आणि आजवर कधी घडलं नव्हतं ते घडलं. सगळ्यात म्हातारे तेबिके आजोबा खांबाला टेकून बसले होते, ते मोठ्यानं म्हणाले, "बारानिको, तू पुष्कळ दिलंस. आज नाही म्हणालास तरी तुझी मान खाली जाणार नाही. हा मानेआबाचा शब्द."

इओतेबानं नजर खाली वळवली.

"घे," दाजी त्याला म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना धरलं. गदागदा हलवलं. माझ्याहून मोठ्या माणसाला, ताईच्या नवऱ्याला. "का? का, दाजी? आजोबांनी मोकळं केलं होतं ना तुम्हाला?"

त्यांनी माझे हात सोडवले नाहीत.

"आज नाही म्हणता आलं असतं, तर त्या दिवशीही आलंच असतं," ते म्हणाले. "मग तिला मी मारलं, काबुआ."

मी हात काढून घेतले. इओतेबा निवडून आला.