लिंबाचा पाला आणि शकू मावशीचं मलम

केदारखेडा हे काही फिरायला जायच्या गावांच्या यादीत सापडणार नाही. मीही हवापालट म्हणून गेले नव्हते. फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून गेले.

मी संभाजीनगरला क्रीम-लोशन बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मालात जंतू वाढलेत का ते बघायचं, एवढंच माझं काम. आईची धाकटी बहीण, शकू मावशी, हिनं घरी केलेल्या कोरफडीच्या मलमाची डबी माझ्याकडं पाठवली होती. "तुझ्या मशिनीत घालून बघ, एक नंबर निघंल!" मी तपासलं. चारच दिवसांत काचेच्या बशीत बुरशीचे हिरवट ठिपके उगवले. आणि रविवारी मावशीच्या नातीचं बारसं. त्या दिवशी हे मलम बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागणार होतं, शिवाय येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक डबी.

शनिवारी सकाळी निघाले. जालन्यापर्यंत एसटी, तिथून भोकरदनची गाडी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खर्चाची चिंता नको. पाण्याची बाटली मात्र भरून घ्या. राजूरला गणपतीच्या गडाखाली गाडी टेकली की चहा आणि गरम भजी खाऊन घ्यावीत. चतुर्थीला मात्र हा रस्ता टाळा, पाय ठेवायला जागा मिळत नाही.

राजूरला चढलेल्या दोघी माझ्या पुढच्या सीटवर बसल्या.

"आयुर्वेदिक हाय म्हणून क्रीम घेतलं, अन् गाल सगळा लाल झाला."

"मंग नको लावू."

"आता आणलंय तर संपवून टाकते."

मला हसू आलं. पाठोपाठ मावशीचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि हसू मावळलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मधूनच हिरवागार हरभरा आणि कणसावर आलेली ज्वारी. थंडीत इकडं आलात तर कुणाच्या तरी शेतात हुरड्याला नक्की बसा. ओळख लागत नाही, नुसतं "राम राम" पुरतं.

मावशी दारातच उभी होती. जेवायला भाकरी, पिठलं, हरभऱ्याच्या कच्च्या पाल्याला तिखट-मीठ लावून केलेला घोळाणा. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भाकरी मोडून तोंडात घातली. मावशीची लेक रूपाली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. फळीवर डब्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला लाल दोरा बांधलेला.

"रूपाली पोटुशी व्हती तवा सात महिने हिच्या पोटाला हेच लावलं," मावशी म्हणाली. "खाजेनं पोरीला झोप न्हाई यायची. बाहेरच्या क्रीममधी केमिकल असतंय, म्हणलं आपणच करू."

मग ती मला धान्याच्या खोलीत घेऊन गेली. ज्वारीच्या कोठीचं झाकण उघडून तिनं मूठभर दाणे माझ्या तळहातावर ओतले. दाण्यांत वाळलेला लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, पाला होता. "वर्स झालं, एक किडा न्हाई. म्हणून मलमातबी लिंबाचा काढा घातला. मंग कसं खराब होईल?"

आता कुठं मला तिची चूक कळली. खरं सांगते, चूक म्हणायला जीभ रेटेना, इतकी ती शहाणपणातून आलेली होती.

"मावशी, ही ज्वारी वल्ली असताना कोठीत घातली असती तर?"

"बुरशी आली असती."

"लिंबाचा पाला घालूनसुद्धा?"

तिनं माझ्या तळहातावरचे दाणे परत कोठीत टाकले. तिला कळलं होतं. पाला किड्याला हाकलतो, पण कोरफडीच्या गरात पाणीच पाणी; तिथं बुरशीला हाकलायला एवढा काढा पुरत नाही. मी फोनमधला बशीचा फोटो दाखवला. तिनं फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"अन् मी हे माझ्या पोरीच्या पोटाला चोळत व्हते," ती हळूच म्हणाली. मी तिचा हात धरला. रूपालीला काही झालं नाही, तेव्हा ताजं ताजं करून लावायचीस, हे दहा वेळा सांगितलं. तिला पटायला वेळ लागला.

मी मोठ्या ऐटीत बाळासाठी विकतचं लोशन नेलं होतं. मावशीनं ते हातात घेतलं. "अन् ह्यात काय हाय?"

"यात टिकायसाठी औषध घातलंय, कारखान्यात केलेलं. पण मोजून, जंतू वाढू नयेत एवढंच."

"मंग हे बिलकुल बराबर हाय का बाळाला?"

मी झाकण उघडून वास घेतला. सुगंध भरपूर होता. कोवळ्या कातडीला तो सोसेलच असं नाही, हे मला कामावर रोज ठाऊक असतं आणि दुकानात मात्र मी विसरले होते. तसं सांगितलं. मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं की दोघींनाही हसू फुटलं.

बारशाला बाळाला काहीच लावलं नाही, नुसतं कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं. बायकांना डब्यांऐवजी लाडू मिळाले. मोठ्या माणसांसाठी पाण्याचा थेंब नसलेलं मेण-तेलाचं मलम कसं करायचं ते मी मावशीला लिहून दिलं. कोरफडीचंच हवं असेल तर टिकवायचं औषध घालावंच लागेल, हेही बजावलं. संध्याकाळच्या गाडीनं परतले.

त्या घरातून अबोला घेऊन निघावं लागेल, अशी जाताना मला धास्ती होती. परवा मावशीचाच फोन आला. बारशाच्या आधीच गावात काही जणींना वाटलेल्या डब्या परत आणायला ती घरोघर गेली होती.

"एक जण देईचना. म्हणे, शकुंतला, तुझ्या हातचं हाय, वाईट कसं आसंल?"

"मग?"

"मंग काय! माझ्या हातचं म्हणून तर कुणी वास घेऊनबी पाह्यला नव्हता. म्हणून मलाच मागायला जावं लागलं, अन् घेऊनच आले."

मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होते. रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही.