आईनं रोज लावलेली गाणी

जुन्या गाण्यांत अर्थ असायचा, चाल असायची, आता नुसता धिंगाणा, असं आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात धरून म्हणतो. मी मान डोलावते. वाद कोण घालणार! जुनी गाणी का टिकतात ते मला आमच्या घरापुरतं ठाऊक आहे, आणि अर्थाबिर्थाचा त्यात काही संबंध नाही.

आम्ही सातपूरला राहायचो. पप्पा कंपनीत कामाला. नव्वदच्या आसपास त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तो वाजायला लागला. भिंतीला भिंत लागून घरं. आमची कॅसेट गुंतली की शेजारच्या काकू तिकडून ओरडायच्या, "अहो, पेन्सिल घालून फिरवा!" ती गाणी मला आवडायची का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. घरात पोहे केले की आपण खातो, तसं ते होतं. घरांच्या अख्ख्या ओळीला ती गाणी पाठ होती.

भाऊ माझ्याहून बराच लहान. तो कळता होईपर्यंत मोबाइल आले आणि त्याच्या कानात वायर आली. त्याची गाणी दर महिन्याला बदलायची. पप्पा चिडायचे, "कानात बोळे घालून बसलाय, हाक मारली तरी ऐकू येत नाही!" तो म्हणायचा, "पप्पा, तुमची गाणी ऐकून माणूस उभ्या उभ्या झोपतो." अंघोळीला जाताना तेवढा फोन खिडकीत ठेवून मोठ्यानं लावायचा. "आवाज कमी कर, मेल्या!" असं आई स्वयंपाकघरातून ओरडायची. हा शब्द आईनं पुढे कधीच, कोणासाठीच वापरला नाही.

ठिबकच्या नळ्या विकायचं काम त्याला मिळालं होतं. बाइकवरून देवळा, सटाणा, कळवण अशी त्याची फिरती. एका दुपारी देवळ्याहून येताना त्याला कांद्याच्या टेम्पोनं उडवलं. फोन कमरेच्या पाऊचमध्ये होता. फोनला ओरखडाही नव्हता.

मला काहीच वाटलं नाही. दात काढण्याआधी सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं. माणसं गळ्यात पडून रडत होती आणि मी त्यांना पाणी देत होते. सासूबाई कोणाला तरी म्हणाल्या, "धीराची आहे हो." धीर कसला डोंबलाचा!

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. आई हट्टानं आली होती. पिंड मांडला, सगळे बाजूला उभे राहिले, आणि कावळे नुसते समोरच्या कठड्यावर बसून राहिले. एरवी तिथले कावळे हातातलं नेतील असे. कावळा शिवला नाही की गेलेल्याचं काही राहिलंय असं आपल्याकडे मानतात आणि त्याला शब्द देतात. काका हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईबापाकडे आम्ही बघू रे बाबा." कावळे हलले नाहीत. मामा म्हणाले, "तुझी बाइक विकणार नाही." तरी नाही. सटाण्याची मावशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्यानं मन कसामा तरी अडकेल शे." कशात अडकलंय, ते कोणालाच सुचेना. ऊन चढत होतं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून मोकळं होऊ. तेव्हा आई पुढे झाली आणि रागावल्यासारखी म्हणाली, "तुझी गाणी रोज लावीन मी. रोज. आता तरी ये."

कावळा आला.

पंधरा-वीस दिवसांनी मी माहेरी गेले तर घरात गाणी चालू होती. त्याचाच फोन, त्याच खिडकीत. पण गाणी पप्पांची, कॅसेटवरची. आई त्या आवाजात भाजी चिरत होती. पप्पांना बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाले, "फोन नीट चालत नव्हता वाटतं. ती कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेली होती." माझ्या लक्षात आलं. तेव्हा प्रत्येक मोबाइलच्या दुकानावर 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असायची. कार्ड द्यायचं, तो आधीचं पुसून त्यात नवीन भरून द्यायचा. बाई वयस्कर दिसली, यानं जुनी गाणी भरली!

तेवढा एकदाच मला राग आला. दुकानात जाऊन मी त्याला नाही नाही ते बोलले. गेलेल्या मुलाचं होतं ते, पुसण्याआधी तोंड उघडून विचारता येत नव्हतं का? तो मान खाली घालून "चुकलं ताई" म्हणाला. पुसलेलं परत येत नाही, असंही म्हणाला.

आईला मी सांगितलं नाही. तिनं घाटावर शब्द दिला होता आणि तो ती पाळतेय अशी तिची समजूत होती, ती मी कशाला मोडू? ती रोज सकाळी फोन लावायची. तापात असली तरी लावायची. अशी वर्षं गेली. मला वाटायचं, बिचारीला फरकसुद्धा कळत नाही.

मग त्या फोनची बॅटरी फुगली. आई म्हणाली, "दुसरा आण, पण गाणी हीच हवीत." मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, एक सांगू? ही त्याची गाणी नाहीत. त्या दुकानदारानं तेव्हाच पुसली."

ती गव्हातले खडे काढत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "ठाऊक आहे. मीच पुसायला लावली."



"दोन दिवस लावली त्याची," आई म्हणाली. "गाणं लागलं की बाथरूममध्ये पाणी पडतंय असं वाटायचं. मी जाऊन दार उघडायची. तिसऱ्या दिवशी फोनला हात लाववेना. दुकानात म्हटलं, सगळी पुस, पण घरी कोणाला सांगू नकोस. आणि शब्द तर दिलेला, रोज लावीन म्हणून. तुझ्या पप्पांची गाणी मला रोज लावता येतात. त्यांचं काही होत नाही मला."

माझंही तसंच होतं की. पप्पांच्या गाण्यांचं मला कधी काही झालं नव्हतं.

मी भावाचं एखादं गाणं आठवायला लागले. रोज त्या खिडकीतून ऐकलेलं, एखादी ओळ, निदान ठेका. काही येईना. पप्पांची मात्र एकामागून एक यायला लागली. मी आईला विचारलं, "तुला येतं का गं त्याचं एखादं?"

"येतं कधी कधी," आई म्हणाली. "पण आलं की मी मोठ्यानं दुसरं म्हणते."