डावा खांदा दीड बोट खाली

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही आधी माझे कान गरम होतात आणि मग हसू येते. एकोणीसशे साठच्या सुमारास मी दिग्रसला फौजदार होतो. अंगावर नवी वर्दी आणि डोक्यात तिच्याहून मोठी ऐट.

बाजारातल्या एका कापड दुकानाची खिडकी वाकवून चोरट्याने निळ्या पट्ट्यांचे चार तागे लांबवले. तिसऱ्या दिवशी माझा खबऱ्या आला. माल मशिदीमागच्या टेलरचाचांकडे आहे, म्हणाला. पंच घेऊन झडती घेतली, तर त्याच कापडाचा तुकडा मशीनजवळ बेतून ठेवलेला. पंचनामा केला, तुकडा आणि त्याच्यासोबतचा मापाचा कागद जप्त केला आणि चाचांना कोठडीत घातले.

चाचा साठीचे. सुईतला दोरा त्यांना दिसे, पण हातभर लांबचा चेहरा धूसर; अंगाची ठेवण तेवढी कळे. कापड कोणी दिले, विचारले तर म्हणाले, गिऱ्हाइकाने. नाव? ते त्यांनी उभ्या जन्मात कोणाला विचारले नव्हते. कागदावर माप लिहायचे आणि कापडाची कातरण त्याला टाचायची, एवढाच त्यांचा रिवाज. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. चाचा आपले तेच सांगत राहिले.

त्यांचे घरचे संकट वेगळेच होते. रविवारी पुसदचे पाहुणे त्यांच्या एकुलत्या एका मुलीची सोयरीक पक्की करायला येणार होते. बाप कोठडीत म्हटल्यावर कोण पोरगी करून घेणार? चाची डबा घेऊन आल्या आणि गजांपाशी रडू लागल्या. चाचा त्यांना समजावत होते.

"कैची अल्लाहच्या हातात हाये. आपल्याले वाटते, कापड फाडून राह्यला. तो सदरा बेतून राह्यला."

चोर तो चोर आणि वर प्रवचनकार, असे मी मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शनिवारी त्यांना न्यायालयात उभे करायचे होते. सकाळची नमाज झाल्यावर चाचांनी पहारेकऱ्याकडे सुईदोरा मागितला. त्याचे लोंबते बटण त्यांना आदल्या दिवसापासून छळत होते. दहा वाजेपर्यंत निम्मे ठाणे बनियनवर रांगेत उभे! नियमात बसत नव्हते, पण माझ्याही खिशाची शिवण उसवली होती, म्हणून मी पाहून न पाहिल्यासारखे केले.

तेवढ्यात खबऱ्या शाबासकी घ्यायला आला आणि कोठडीकडे पाठ करून हवालदाराशी गप्पा मारू लागला. चाचांची सुई थांबली. त्यांनी मला जवळ बोलावले.

"साहेब, तो पाठमोरा हाये ना, त्याचा डावा खांदा दीड बोट खाली हाये. तुमी जप्त केला तो कागद वाचा."

कागद उर्दूत होता, म्हणून मी तो वाचून घ्यायची तसदीच घेतली नव्हती. हवालदाराला उर्दू येत होते. मापांखाली तेच लिहिलेले निघाले.

मी खबऱ्याला म्हटले, गड्या, तुला बक्षीस म्हणून सदरा शिवतो. टेलर इथेच आहे, माप दे. चाचांना चेहरा ओळखता येत नाही हे त्याला पक्के ठाऊक, त्यामुळे स्वारी हसत पुढे आली. चाचा माप सांगत गेले, हवालदार कागदाशी ताडत गेला. गळा जुळला, छाती जुळली, बाही जुळली. खांद्याची पाळी आली तेव्हा पठ्ठ्या डावा खांदा हळूच वर उचलू लागला. तिथेच प्रकरण फुटले.

बाकीचा माल त्याच्या कडब्याच्या गंजीत सापडला. एक तुकडा शिवायला टाकल्यावर मी टेलरांच्या झडत्या घेणार असे त्याच्या कानावर आले होते. म्हणून त्याने चाचांनाच पुढे केले. कागदपत्रे करून त्याच दिवशी मी चाचांना सोडवले. जाताना ते एवढेच म्हणाले, "दुकानात बसलो असतो तर तो मले कायले दिसता?"

रविवारी मी वर्दीत त्यांच्या घरी गेलो. गल्लीला वाटले, म्हाताऱ्याला पुन्हा नेतात. मुलाच्या वडिलांना मी सांगितले की अटक ही माझी चूक होती. त्यांनी विचारले, "कोठडीत ते काय करत होते?"

"नमाज पढले आणि माझ्या शिपायांची बटणे लावली."

"मग आमाले आणखी काही विचाराचं नाही," ते म्हणाले आणि साखर मागवली.

मी फारसा देवभोळा नाही. पण पुढच्या नोकरीत टेबलावर हात आपटण्याआधी समोरचा कागद वाचून घेऊ लागलो आणि माझ्यावर वाईट दिवस आले तेव्हा चाचांची कैची मला आठवत राहिली.

त्या लग्नाला मी चाचांनीच शिवलेला कोट घालून गेलो. माझा उजवा खांदा एक बोट खाली आहे, हे मला त्या मापाच्या वेळी कळले.