चपटे झालेले आटे

“नट आधी बोटांनी बसवायचा. सुरुवातच पान्याने करणाऱ्याच्या हातात मी भरला कपसुद्धा देणार नाही,” असं आत्या एकदा म्हणाली होती. सायकली दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला. आणि पाना चालवला कोणी, तर तिच्या सख्ख्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या सकाळी डॉक्टरांनी तिला सायकल चालवायला परवानगी दिली. ती घरी पोचायच्या आत तिची जुनी सायकल तयार ठेवायची, या उत्साहात बाबांनी मागचं चाक बसवायला घेतलं. नट हाती लागला तो दुसऱ्याच सायकलचा. दिसायला जुळा भाऊ, आटे मात्र वेगळे. तो अडला, तसा बाबांना चेव आला.

आत्याने आल्या आल्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, टोकावर नख फिरवलं. आटे चपटे झाले होते.

“ताई, बसत होता गं.”

“बसत नव्हता, तू बसवत होतास. बरणीचं झाकण उघडायला बोलावलं की बरा तुझा खांदा दुखतो!”

असे एक्सल बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. हा वाया गेला तर सायकल कायमची भिंतीला टेकणार. बाबांचं तोंड एवढंसं झालं. आत्या मात्र बाह्या सरसावून बसली. तिच्या डोळ्यांत मी कितीतरी दिवसांनी उजेड पाहिला.

चाकाच्या मधला हब उघडून तिने छर्रे वाटीत काढले, एक्सल बाहेर घेतला, बारीक तिकोनी कानशीने दबलेल्या खाचा मोकळ्या केल्या. आणि मग त्याचा स्वतःचा नट चढवला तो उलट बाजूने, शाबूत टोकाकडून.

“चांगल्या आट्यांवरून आला की त्याला वाट ठाऊक असते.”

तेलाचा थेंब. थोडं पुढे, थोडं मागे. दुखऱ्या जागी नट थांबला. बाबांचा हात आपसूक पान्याकडे गेला.

“खाली ठेव तो!”

तिने नट मागे घेतला, काळा चुरा पुसला, पुन्हा तेल. पुन्हा पुढे. आम्ही दोघं तिच्या मनगटाकडे बघत राहिलो. कुर्र झालं, आणि नट टोकावरून निसटून तिच्या तळहातात पडला.

“आला!” बाबा ओरडलेच. “ताई, आला!”

तिने छर्रे ग्रीसमध्ये बसवले, चाक जोडलं, फिरवलं. ते फिरतच राहिलं.

“हळू हं. पहिलाच दिवस आहे. कोपऱ्यापर्यंतच जा,” बाबा म्हणाले.

आत्याने हात पुसले, सायकल दारातून बाहेर काढली, टांग टाकली आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली.